वारसाचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

माझी भाची बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी ती वडगावहून आमच्या घरी आली आणि चहा व्हायच्या आतच तिनं विचारलं, "आत्या, मी पुढं एच.आर. घेऊ की फायनान्स? सगळे म्हणतात, एच.आर.मध्ये नुसती बोलणी खायची असतात. मालकही बोलतो, कामगारही बोलतो. तू खरं काय ते सांग."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी 24 वर्षं एच.आर.चंच, म्हणजे माणसांच्या हाजरी-रजा-पगाराचं काम करते आहे. तरी तिला लगेच उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज इथं बोलायला बोलावलं, तेव्हा वाटलं, तिला जे सांगायचं ते सगळ्यांसमोरच सांगावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीकडची कितीतरी मुलं-मुली आज याच प्रश्नापाशी उभी आहेत.

मी 2002 साली लागले ती टाइम ऑफिसात कारकून म्हणून. पंचिंग मशीनपाशी उभं राहायचं, हाजरी घ्यायची, ओव्हरटाइमचे तास मांडायचे. पुढं त्या खात्याला 'पर्सोनेल' म्हणू लागले, मग दारावर 'एच.आर.' अशी पाटी लागली. कामगार मात्र अजूनही 'टाइम ऑफिस'च म्हणतात. मला ते आवडतं, कारण त्या नावात कामाचा खरा पत्ता आहे. माणसाचा वेळ मोजायचा आणि त्याचं मोल त्याच्या पदरात पडलं की नाही ते बघायचं.

जुलै महिना घ्या. खानापूरकडं आणि पलीकडं चंदगडात पाऊस लागला की रोप लावणी येते. आमच्या फेटलिंगमधली, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या खात्यातली, निम्मी माणसं भातवाली. ती माणसं एकाच आठवड्यात रजेचे अर्ज घेऊन खिडकीशी येतात. अर्ज ओले असतात, कारण रेनकोटच्या खिशातून काढलेले असतात. कारण एकच, 'घरगुती काम'. इकडं डिस्पॅचवाले ओरडतात, की गाडी शुक्रवारी निघायलाच पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं मी नुसती भांडणं सोडवत होते. मग एका जानेवारीत मी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि कुठल्या गावची यात्रा कधी, लावणी साधारण कधी, सुगी कधी, ते लाल शाईनं लिहून ठेवलं. कोण कोण त्या गावचा, त्याची यादी केली. जूनमध्येच एकेकाला बोलावून रजा वाटून घेतल्या. दोन भाऊ असतील तर आधी एकानं जायचं, तो आला की दुसऱ्यानं. त्या जुलैत गाडी वेळेवर गेली, भातही वेळेवर लागलं.

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं ना! या पेशातलं पहिलं दुखणं ते हे. काम बिघडलं की सगळ्यांना दिसतं, नीट झालं की ते झालंय हेच कळत नाही.

(जाता जाता सांगते. हाजरी, रजा, पगार हे तिन्ही शब्द आमच्याकडं कन्नड बोलणाराही तसेच वापरतो. खिडकीशी कुणीही आला तरी या तीन शब्दांपुरती आमची भाषा एकच असते.)

दुसरं दुखणं जरा खोल आहे. कँटीनमध्ये मी डबा घेऊन टेबलाशी गेले की चाललेलं बोलणं थांबायचं. वाईट हेतूनं नाही. पण हिच्यासमोर पगाराचं, सुपरवायझरचं, युनियनचं बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. ऑफिसातल्या टेबलाशी गेले तर तिथंही तेच, कारण पगारवाढीचा कागद माझ्या कपाटात असायचा. बेळगाव शहर लहान. शनिवारी गणपत गल्लीत भाजी घेताना समोरून तोच माणूस येणार, ज्याच्या हातात मी गुरुवारी मेमो दिलेला. तो नमस्कार करतो, मीही करते, आणि दोघंही मिरच्यांकडं बघत राहतो. ज्याला सगळ्यांत मिसळायला आवडतं, अशा माणसाला हे फार जड जातं. म्हणून मुलाखतीत कुणी "मला माणसांची आवड आहे, म्हणून एच.आर." असं म्हणालं, की मला त्याची काळजी वाटते.

कामगार म्हणतात, तुम्ही मालकाची माणसं. पगार मालकाकडूनच येतो, ही गोष्ट खरीच आहे. ती झाकून ठेवून काही उपयोग नाही. पण ही खुर्ची मुळात कशासाठी मांडली गेली, ते बघा. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एके काळी माणूस कामावर ठेवायचा आणि काढायचा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात होता. कामावर लागायचं तर त्याला दस्तुरी, म्हणजे लाच द्यायची, टिकायचं तर पुन्हा द्यायची. आठवड्याची सुट्टीसुद्धा तेव्हा हक्काची नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून त्यासाठी झगडले, तेव्हा 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी पदरात पडली. पुढं 1929 मध्ये सरकारनं व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमलं. त्यात आपले कामगार पुढारी ना. म. जोशी होते. 1931 च्या अहवालात कमिशननं सांगितलं, की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्या आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्यानं 500 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. म्हणजे माझी खुर्ची कुणा मालकाच्या हौसेतून आलेली नाही. गरीब माणसाला नोकरीसाठी मधल्या माणसाचे पाय धरावे लागू नयेत, म्हणून ती आली. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर पहिली काही वर्षं मी इतकी बावरून गेले नसते.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती आमच्या घरी भाचीलाही पूर्ण ठाऊक नव्हती.

आमच्याकडं एक मोल्डर होते. खानापूर रस्त्यावरच्या एका गावचे. नाव सांगत नाही. आपल्याकडं घरटी एक परशराम असतोच, तेव्हा परशराम समजा. 2003 ला लागले, तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. भविष्य निर्वाह निधीच्या फॉर्मवर वारस म्हणून आईचं नाव. 2009 ला लग्न झालं, दोन मुलं झाली. लग्नानंतर वारसाचं नाव नव्यानं नोंदवायचं असतं, हा नियम. त्यांना तो माहीत नव्हता. मला माहीत होता. 2014 मध्ये फायली लावताना त्यांचा फॉर्म माझ्या हातात आला होता. मी कोपऱ्यात पेन्सिलीनं 'बदलून घेणे' असं लिहिलं आणि फाइल पुन्हा कपाटात ठेवली. त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. मग दिवाळी आली, बोनसचा हिशेब आला.

2016 च्या पावसाळ्यात परशराम रात्री झोपले ते उठले नाहीत.

महिन्याभरानं त्यांची बायको प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. बरोबर सहा वर्षांची मुलगी. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे, विम्याचे पैसे, विधवा पेन्शन, तीन वेगळे अर्ज. वारसाच्या रकान्यात सासूचं नाव. बाईचं आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरी बदललेलं नाव. नवऱ्याचं नाव शाळेच्या दाखल्यावर परशराम, फंडाच्या खात्यावर परशुराम, आणि बँकेत तिसरंच काहीतरी, कारण कुणी कन्नडवरून इंग्रजी केलेलं, कुणी मराठीवरून. एका 'यू' अक्षरापायी अर्ज परत आला. दुसऱ्यांदा पाठवला तर जन्मतारखेपायी परत आला. सासू-सुनेत तोवर वितुष्ट आलं होतं. दीर म्हणत होता, नाव आईचं आहे तर पैसे आईचेच.

शेवटी मी त्यांच्या गावी गेले. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, कोपऱ्यात भाताची पोती. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. ती काहीच बोलेना. मग तिनं नातीला जवळ ओढलं आणि मला विचारलं, "हिच्या शाळंला पुरतील न्हवं अक्का तेवढं?" मी म्हटलं, पुरतील. तिनं अंगठा पुढं केला. कागदावर ठसा उमटला आणि बोटाची शाई तिनं पदराला पुसली. निळा डाग पडला. तो डाग मला अजून दिसतो.

पहिला पैसा हातात पडायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत त्या बाईनं दुसऱ्यांच्या शेतात रोप लावलं. पेन्सिलीनं लिहिलेले माझे ते दोन शब्द मी 2014 मध्येच पुरे केले असते, तर वारसाच्या नावावरून ती दारोदार फिरली नसती, आणि त्या घरात भांडणही उभं राहिलं नसतं. तिनं मला कधी दोष दिला नाही. तिला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक आहे.

तेव्हापासून दर जूनमध्ये पंधरा दिवस मी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दाराशी टेबल मांडून बसते. एकेकाला विचारते: लग्न झालं काय? मूल झालं काय? आधारवर नाव काय, बँकेत काय, इथं काय? आता वारसाची नोंद ऑनलाइन होते, फोटो लागतो, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आणि तो मोबाइल नंबर चार वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो, किंवा मेव्हण्याचा असतो! मग आधी तो नंबर बदलून आणायचा. ऑनलाइन झालं म्हणून काम संपत नाही. फक्त आता ते खिडकीच्या अलीकडं न होता पलीकडं होतं, आणि पलीकडच्याला हात धरून न्यावं लागतं.

भाचीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे एच.आर. म्हणजे कागदच की." मी म्हटलं, होय, कागदच. माणसाचं बोलणं ऐकून घेणं, धीर देणं, हे कुणीही भला माणूस करतो. पण तो मेल्यावर त्याच्या घरात पैसे पोचतील, तो साठीला आल्यावर त्याचं वय चुकीचं निघणार नाही, त्याला काढायचं ठरलं तर आधी त्याचं म्हणणं लिहून घेतलं जाईल, हे कागदानंच होतं. ज्याला कागद नीट ठेवणं ही माणसावर केलेली माया वाटते, त्यानं यावं.

पण कागद कुणाच्या बाजूनं, हा प्रश्न उरतोच. एकदा मशीन शॉपमधला एक पोरगा राजीनामा घेऊन आला. नोकरी चार वर्षं आणि सात महिने झालेली. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी हक्काची रक्कम, मिळायला कायम कामगाराला पाच वर्षं लागतात. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून पाच वर्षांचे जवळजवळ तीन महिन्यांच्या पगाराइतके पैसे. मी त्याला म्हटलं, पाच महिने थांब आणि मग जा. तो थांबला. हे वर कळलं. मला केबिनमध्ये बोलावून विचारलं गेलं, "तुम्ही नोकर कुणाच्या?" मी सांगितलं, "कंपनीच्या. म्हणूनच सांगितलं. पाच महिन्यांत त्याच्या जागी दुसरा तयार होईल, आणि खाली कुणी असं म्हणणार नाही, की ही कंपनी माणसाला हक्काचे पैसे बुडू देते." मला बढती मिळायची होती, ती त्या वर्षी मिळाली नाही. दोन्हींचा संबंध होता की नाही, मी विचारलं नाही.

सगळ्यात वाईट दिवस कुठला, असंही तिनं विचारलं. तो 2008 च्या शेवटचा. जगभर मंदी आली, मोटारींच्या कास्टिंगच्या ऑर्डरी आटल्या, आमच्याकडं एक पाळी बंद झाली. ठेकेदाराकडच्या 34 माणसांना उद्यापासून येऊ नका, असं सांगायचं होतं. ठेकेदार त्या दिवशी फिरकलाच नाही. मी सांगितलं. गेटजवळच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवलं, राहिलेला पगार कधी मिळेल ते सांगितलं, फंडाचं काय करायचं ते सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. एक वयस्क मामा, फर्नेसवर लोखंड भरणारे, उठून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मग उद्यापासनं डबा करू नको म्हणून सांगू काय घरात?"

मी 'होय' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पाच महिन्यांनी ऑर्डरी परत आल्या. मी माझ्या यादीवरून एकेकाला फोन लावले. 34 पैकी 19 परत आले. त्यांत ते मामा नव्हते. त्यांचा नंबर माझ्याकडं नव्हता. तो ठेकेदाराकडं असायला हवा होता, आणि त्यानं तो ठेवला नव्हता.

म्हणून मला वाटतं, आजचा जॉबर म्हणजे असा ठेकेदार. सगळे नाहीत, पण ज्याच्या वहीत माणसाचं पूर्ण नावही नसतं, तो. आता तर ओडिशा, बिहार, झारखंडातून आलेली पोरं भट्टीवर उभी असतात. त्यांना ना मराठी येतं, ना कन्नड. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या काही गोष्टींवरून वाद आहेत, ते आपल्या जागी. पण प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र दिलंच पाहिजे, असं त्यात आहे. ठराविक मुदतीवर घेतलेल्याला एक वर्ष पुरं झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पत्र द्यायचं म्हणजे नाव लिहायचं, गाव लिहायचं, पगार लिहायचा. हे करवून घेणारं माणूस कारखान्यात कुठल्या खात्यात बसतं? आमच्याच. पुढची दहा वर्षं या पेशाला खरं काम आहे, ते इथं. ज्या पोरांना पुण्याला किंवा बेंगळुरूला एच.आर. म्हणून दिवसाला शंभर फोन करायला बसवतात, त्यांचा जीव मेटाकुटीला येतो ते मी ऐकते. त्यांना माझं सांगणं आहे, की तेवढ्यावरून हा पेशा जोखू नका. एक वर्ष तरी अशा कारखान्यात काढा, जिथं तुम्हाला माणसाचा चेहरा आणि त्याची फाइल दोन्ही एकाच दिवशी दिसतात.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरपासून आपण या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर आणि आताच्या कर्नाटकात आलो. तो दिवस आमच्या कारखान्यात सगळ्यांना सारखा नसतो. काही जण लाल-पिवळा झेंडा लावून येतात, काही जण काही न बोलता काम करतात. त्या दिवशी मी खिडकीत जरा जास्त वेळ बसते. नोटीस कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लागते, आणि ज्यांना ती वाचता येत नाही, त्यांना मी पाळी सुटताना मराठीत वाचून दाखवते. कुणी सांगितलेलं नाही. पण शिस्तीचा नियम माणसाला समजेल अशा भाषेत त्याच्यापर्यंत पोचलाच नसेल, तर तो मोडला म्हणून मेमो कुठल्या तोंडानं द्यायचा?

तर एच.आर. की फायनान्स, यावर भाचीला मी काय सांगितलं? काही सांगितलं नाही. जून लागलाच होता. वर परवानगी काढली आणि तिला म्हटलं, चल, तीन दिवस माझ्याबरोबर बस. ती आली. पहिल्या दिवशी नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी यादी हातात घेतली. तिसऱ्या दिवशी कोअर शॉपमधला एक पोरगा आला, चंदगडकडचा, एकवीस-बावीसचा. वारस म्हणून आईचं नाव. भाचीनं विचारलं, "लग्न झालंय काय तुमचं?" तो लाजला. मागं उभे असलेले दोघं हसले. म्हणाला, "ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतर."

"मग लग्न झाल्यावर परत या," ती म्हणाली, "हे नाव बदलायला लागेल." आणि यादीत त्याच्या नावासमोर तिनं पेन्सिलीनं 'डिसेंबर' असं लिहिलं.

मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि पेन दिलं.

नमस्कार.